बसकं कार्ड

आमच्या सासऱ्यांचा जगात एकाच गोष्टीवर अजिबात विश्वास नाही, ती म्हणजे छापील किंमत. बिस्किटाच्या पुड्यावर दहा रुपये लिहिलेले असले तरी ते दुकानदाराला विचारणारच, "द्यायचा केवढ्याला?" त्यांचं नाव राधाकिशन. उमापुरात सगळे तात्या म्हणतात, मी मामा म्हणते. उभं आयुष्य ते हेडी होते, म्हणजे बैलांचे व्यापारी. आता स्वतःचा व्यापार थांबवलाय, पण कुणाला बैल घ्यायचा असला की आजही आधी मामांना न्यायला गाडी येते. मामांनी जनावराभोवती एक फेरी मारली की विकणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि चेहऱ्यामागून भाव उतरतो. हे त्यांचंच म्हणणं आहे, पण खोटं नाही.

अशा घरात मी सून म्हणून आले, ती कॉम्प्युटर घेऊन. मी लग्नपत्रिका आणि दुकानांचे फ्लेक्स डिझाईन करते. एवढं सांगितलं की पाहुणे खूश होतात, म्हणून पुढचं सांगत नाही. पुढचं असं, की बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी गेम खेळते. दार लोटून, कानाला हेडफोन लावून, मोठमोठ्यानं ओरडत. सासूबाई, म्हणजे आमच्या विजयमाला आत्या, सुरुवातीला दचकायच्या. मग म्हणाल्या, "खेळू दे. भरतकामापेक्षा बरं, घरभर दोरे तरी पडत न्हाईत."

संभाजीनगरच्या होस्टेलवर आम्ही तिघी एका खोलीत होतो. संस्कृती आता पुण्यात, यास्मिन परभणीला आणि मी इथं. लग्नात गळ्यात पडून "भेटत राहू गं" म्हणणाऱ्या मैत्रिणी दोन वर्षांनी वाढदिवसाला केकचं चित्र पाठवतात आणि मोकळ्या होतात. आमचं तसं झालं नाही, कारण आम्हाला किल्ला राखायचा असतो. गेमचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? तर त्यात तिघींनी मिळून एक किल्ला राखायचा, आणि चारी बाजूंनी राक्षस येतात. बाण मारता मारता सासू, नोकरी, थायरॉइड, सगळं बोलून होतं. फोनवर 'अजून काय विशेष' यापुढे गाडी जात नाही. राक्षस अंगावर आला की मात्र माणूस मनातलं बोलतं.

दिवाळीच्या सुमारास गेमवाल्यांनी जाहीर केलं, की एक फेब्रुवारीपासून गेम नव्या रूपात येणार आणि जुन्या ग्राफिक्स कार्डांवर तो चालणार नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला, पडद्यावरचं चित्र हलवणारा भाग. विटेएवढा असतो आणि भाव ऐकला की तीच वीट विकणाऱ्याच्या डोक्यात घालावीशी वाटते. संस्कृतीनं भाव चढायच्या आधीच घेऊन ठेवलं होतं. यास्मिनला भावानं दुबईहून आणून दिलं. राहिले मी. एक तारखेपर्यंत कार्ड आलं नाही तर किल्ल्यावर त्या दोघी असणार आणि मी उमापुरात केकची चित्रं बघत बसणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी पैसे साठवत नव्हते असं नाही. दिवाळीत माझ्याकडे जेवढे होते, त्यापेक्षा कार्ड पाच हजारांनी महाग होतं. म्हटलं, दोन महिने थांबू. दोन महिने पत्रिका केल्या. एका नवरदेवाच्या चुलत्यानं अठरा वेळा फोटो बदलायला लावला, तेही सोसलं. पाच हजार जमले आणि बघते तर कार्ड बारा हजारांनी पुढे! वर नव्या गेमची किंमत वेगळीच. तीन हजार रुपये, आणि त्या बदल्यात हातात काय येतं, तर मेलवर एक लांबलचक आकडा. पूर्वी निदान सीडीची डबी मिळायची, रिकामी झाली की आत्या तिच्यात टिकल्या ठेवायच्या.

त्या दिवशी मी चिडून जेवायलाच उठले नाही. मामांनी कारण विचारलं, मी सांगितलं. भाव ऐकून ते ताटावरून उठलेच.

"शेचाळीस हजार? शेचाळीसला खोंड येतं, पोरी. तुज्यापाशी किती हायेत?"

"चौतीस."

"बास. त्यातच आणतो. भाव पडत न्हाई असं जनावर अजून जन्माला यायचंय."

माझा नवरा रविराज तेवढ्यात म्हणाला, "आबा, ते जनावर न्हाई," पण तोवर मामांनी टॉवेल खांद्यावर टाकला होता.

गेवराईत हायवेलगत कामरानचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कामरान रविराजच्या वर्गातला, सरळ माणूस. त्यानं खोक्यातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. ते बघून माझा चेहरा फुलला, आणि मामांनी नेमकं तेव्हाच माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

मग त्यांनी कार्डाभोवती फेरी मारली. काउंटर भिंतीला लागून होता, त्यामुळे अर्धीच झाली. कार्ड उचलून वजन घेतलं, उलटं केलं, पंख्यांत बोट घालून एकेक पंखा फिरवून बघितला.

"तीन पंखे कावून लागतात याला?"

"तापतं ना तात्या, म्हणून."

"मंजी तापट हाय." मामांनी कार्ड असं खाली ठेवलं, की जणू सौदा मोडलाच. "वय काय याचं?"

"नवंच हाय की."

"किती वर्सं काम दिल?"

कामराननं मान खाजवली. "चार-पाच तर देतंच. पण त्याच्या आत नवं निघतं, मंग याला कुणी विचारत न्हाई."

"तापट हाय, चार वर्सांत म्हातारं होतंय आन भाव खोंडाचा. खोंड शेण तरी देतं, बे. हे काय देतं?"

"चित्र देतं, तात्या."

कामराननं हात जोडले आणि भाव का चढलाय ते समजावलं. बाहेरच्या देशांतल्या मोठमोठ्या कंपन्या बोलणारी, लिहिणारी यंत्रं चालवतात. त्या यंत्रांना जी मेमरी लागते तीच या कार्डातही लागते, आणि त्या कंपन्या ती कारखान्याच्या दारातूनच उचलतात. उरलंसुरलं इकडे येतं.

"सगळा चारा बड्यांच्या गोठ्यात," मामा म्हणाले. "आन आमी धसकटं चघळायची."

इतका वेळ दुकानाच्या कोपऱ्यात, प्रिंटरच्या खोक्यांशेजारी एक म्हातारबाबा खुर्चीत डुलकी घेत होते. ते कामरानचे आजोबा, ख्वाजामियाँ. बैलबाजारातले जुने दलाल. मामांनी आणि त्यांनी आयुष्यभर एकमेकांना बुडवलं होतं, त्यामुळे दोघांची दोस्ती पक्की होती. ते डोळे न उघडताच म्हणाले, "राधाकिशन, पोराला कावून छळतो? हिकडं ये, माझ्याशी बोल."

मामांची कळी अशी खुलली की विचारू नका. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. बैलबाजारात मोठा सौदा तोंडानं होत नाही. दोघं एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्यांना काही कळत नाही, आणि ठरलेला भाव दोघांनी बाहेर फोडायचा नाही, हा शिरस्ता.

"तू भाईर थांब," मामा मला म्हणाले. "ज्याचा जीव जनावरात अडकलाय त्यानं सौद्याला उभं ऱ्हाऊ न्हाई. तोंडावर दिसतं."

मी पैसे त्यांच्या हातात दिले आणि बाहेर उभी राहिले. दार काचेचं होतं. टॉवेलखाली बोटं चाललेली दिसत नव्हती, पण मामांचा चेहरा दिसत होता. आधी तो हसरा होता. मग ताणला. मग मामा दोस्ताच्या कानात बोलले, छातीवर हात ठेवला, उठायचं नाटक करून परत बसले. ख्वाजामियाँ मात्र डोळे मिटून शांत बसून होते. बऱ्याच वेळानं टॉवेल निघाला, कामरानला पैसे मिळाले आणि मामा खोकं काखेत मारून बाहेर आले.

"धर," ते म्हणाले, आणि खोक्यावर दोन हजार रुपये ठेवले. "हे उरले."

म्हणजे बत्तीस हजारांत! मी भर हायवेवर त्यांच्या पाया पडले. बिल विचारलं तर म्हणाले, "कामरानकडं ऱ्हाऊ दे. बैलाचं बिल कुणी घरी नेतं का?" मी आनंदात होते, मला तेही पटलं.

एक तारखेला आम्ही तिघी किल्ल्यावर हजर होतो. नव्या रूपातले राक्षस पूर्वीपेक्षा देखणे होते आणि यास्मिननं पहिल्याच दिवशी दोन सासवांची आणि एका नणंदेची इत्थंभूत बातमी दिली. दोन सासवा कशा, ते आता सांगत बसत नाही.

इकडे मामांना गावात मिरवायचं होतं, पण भाव फोडायचा नव्हता. त्यांनी त्यावर तोड काढली. चहाच्या हॉटेलात बसून ते म्हणायचे, "भाव सांगता येत न्हाई बाबा, टॉवेलखालचा हाय. पण आमच्या सूनबाईला इचारा, किती दिले आन किती परत आले." पोरं मला विचारायची. मी खुळी सांगायचे. चौतीस दिले, दोन परत आले.

झालं! उमापुरात खेळणारी पोरं काही कमी नाहीत. शिवशंकर त्यांचा म्होरक्या. नाव कॉलेजात आणि मुक्काम पारावर. तो चार पोरं घेऊन कामरानकडे गेला आणि म्हणाला, "तात्याला दिलं त्याच भावात दे." कामरान नाही म्हणाला तर यांनी फोनवर दुकानाचा व्हिडिओ काढला, 'ओळखीच्यांना बत्तीस, गोरगरिबांना शेचाळीस' असं लिहून तो सगळीकडे फिरवला. धारूरहून एक पोरगा एसटीनं आला. कुणी गिऱ्हाईक प्रिंटरची शाई घ्यायला आलं तरी आधी 'तात्याचा भाव लावा' म्हणायला लागलं.

आठवड्यानं कामरान आमच्या दारात. चेहरा पार उतरलेला.

"भाभी, पोरं दुकान बंद पाडतील."

"मग सांग ना त्यांना खरा भाव काय लावलास."

"कसं सांगू? दादा, मंजी आमचे आजोबा, म्हणतात, टॉवेलखालचं भाईर बोललास तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाई." मग आवाज खाली करून म्हणाला, "मी सौद्याचं काई सांगत न्हाई, भाभी. फक्त येवढंच सांगतो, ते कार्ड मलाच चव्वेचाळीसला पडतं."

तो गेला आणि मी ओट्यावर बसूनच राहिले. चव्वेचाळीसला पडलेली वस्तू बत्तीसला कुणी देत नसतं. मामांनी खिशातले घातले होते, आणि वर मला दोन हजार परत देऊन पाया पडून घेतलं होतं. मला इतकं भरून आलं की रडायलाच आलं, आणि रडता रडता रागही आला. अहो, द्यायचे होते तर सांगून द्यायचे! आता मी खरं बोलले तर मामांची गावात शोभा, गप्प बसले तर कामरानचं दुकान बुडालं.

मामांना सरळ विचारून उपयोग नव्हता. ते 'टॉवेल, टॉवेल' म्हणत बसले असते. तेव्हा मी जरा वाकडं बोट केलं. शिवशंकर दारावरून चालला होता, त्याला हाक मारली.

"शिवशंकरभाऊ, कुणाला सांगू नका हं," मी म्हटलं. गावात बातमी पसरवायची असेल तर सुरुवात अशीच करावी. "ते कार्ड एवढं स्वस्त का मिळालं माहितीये? त्याला खोड आहे. बसकं आहे ते. ऐन लढाईत बसतं, हलतच नाही."

शेतकऱ्याच्या पोराला 'बसकं' समजावून सांगावं लागत नाही. औताला जुंपला की मध्येच बसकण मारतो तो बसका बैल. तो ज्यानं विकत आणला, त्याची पोरासोरांत टिंगल होते. दिवे लागायच्या आत अख्ख्या उमापुराला कळलं, की तात्यानं बसकं कार्ड आणलं. कामरानच्या दुकानातली गर्दी ओसरली, कारण बसकं कुणाला हवंय? मी स्वतःवर खूश होते.

एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. पुढच्या बाजाराला मामांना न्यायला गाडीच आली नाही. मामा सकाळपासून कोरा टॉवेल घेऊन तयार होते. दुपारी कळलं, की बैल घेणारे दुसऱ्याच कुणाला घेऊन गेले. "तात्याची नजर गेली. येवढ्याशा डब्यातली खोड दिसली न्हाई, बैलाची काय दिसणार," असं हॉटेलात कुणीतरी बोललं होतं. मामा ते ऐकून आले आणि थेट खाटेवर आडवे झाले. उद्या सकाळी सगळं कबूल करू असं मी ठरवलं.

पण ती वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि मामा सकाळीच कुठेतरी निघून गेले होते. पाच वाजता मी नुकता गेम चालू केला होता, तर दार धाडकन उघडलं. मामा पुढे, मागे शिवशंकर आणि आठ-दहा पोरं.

"बघा!" मामा गरजले. "डोळे फाडून बघा. पोरी, चालव. आन त्यो आवाज भाईर सोड, समद्यांना ऐकू दे."

मी हेडफोन काढून स्पीकर लावला. तिकडे संस्कृती आणि यास्मिन बोलत होत्या, त्यांना मी कसंबसं म्हटलं, "पाहुणे आलेत गं, जरा जपून बोला." राक्षस चालून आले. आग, बाण, धूर. पोरं वाकवाकून बघत होती, आत्या स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभ्या होत्या. लढाई संपली, आम्ही जिंकलो. कार्ड बसलं नाही. अडखळलंसुद्धा नाही.

"दिसली का खोड?" मामा म्हणाले. "राधाकिशनच्या हातनं खोडीचं जनावर कदी घरी आलं न्हाई, येणार न्हाई."

शिवशंकरचा चेहरा उजळला. "मंजी खोड न्हाई आन भाव बत्तीस! चला रे. उद्या सकाळी समदे कामरानकडं. दिलं न्हाई तर दुकानापुढं बसायचं, उठायचं न्हाई."

मामांनी दोन्ही हात पसरून दार अडवलं. आता मात्र मी मागे हटणार नव्हते.

"मामा," मी अगदी गरीब सुनेच्या आवाजात विचारलं, "मग नक्की काय सांगायचं यांना? खोड आहे की नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बसकं हा शब्द कुठून निघाला ते त्या क्षणी त्यांना कळलं. डोळे बारीक झाले, मिशी थरथरली.

"न्हाई खोड!" ते ओरडले. "आन बत्तीसबी न्हाई! पुरे शेचाळीस मोजलेत. रोख!"

"एक रुपयाबी पडला न्हाई, तात्या?" शिवशंकरनं चाचरत विचारलं.

"न्हाई पडला. समदं करून बघितलं. रुसलो, उठलो, दोस्तीची आण घातली. ख्वाजानं बोट हलवलं न्हाई. हलवणार कसं? भाव त्याच्या हातात हायच कुठं? त्यो कुठं समुद्राच्या पल्याड ठरतोय, तिथं हात कुणाचा धरायचा?"

"मंग टॉवेल कावून टाकला?"

"लाज झाकाया, बे!"

कुणीच हसलं नाही. पोरांना हसायचं होतं, पण धीर होईना. दारातून आत्यांनी विचारलं, "पडत नव्हता तर ठिवून यायचं. घेतलं कावून?"

मामांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "ठिवून आलो असतो तर बुधवारी-शनिवारी घर मुकं झालं असतं. ही पोरगी हसते तवाच या घरात हसायचा आवाज येतो. तू काय हसतीस व्हय?"

तेव्हा पहिल्यांदा कोण हसलं असेल, तर स्पीकरमधून यास्मिन. मग संस्कृती, मग शिवशंकर, आणि मग आत्यासुद्धा. मी डोळे पुसत होते. मामा तरातरा स्क्रीनपाशी गेले. त्या दोघी नेमक्या कुठे आहेत हे न कळल्यामुळे त्यांनी पडद्यावरच्या एका मेलेल्या राक्षसाकडे बोट रोखलं.

"आन तुमी दोघी! ऐकता न्हव का? येवढे पैसे मोजलेत. बुधवार, शनवार, पाच वाजता हजर पायजे. एकीनंबी खाडा केलेला चालायचा न्हाई."

"हो मामा," दोघी एका सुरात म्हणाल्या.

कामरानचं दुकान आता नीट चाललंय. टॉवेलखालचं बाहेर फोडलं म्हणून ख्वाजामियाँ चार दिवस मामांवर रुसले होते, मग स्वतःच चहाला आले. बाजाराला न्यायला गाडी परत यायला लागली. शिवशंकरनं कार्ड घेतलेलं नाही, भाव उतरायची वाट बघतोय. बिचारा बसू दे वाट बघत.

मागच्या शनिवारी संस्कृतीच्या दिराचा साखरपुडा होता. सुट्टी तिनं माझ्याकडे मागितलीच नाही, थेट मामांना फोन लावला. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मुलगी कुठली, पाहुणे किती, मुहूर्त कितीचा. मग म्हणाले, "कर की साखरपुडा. पाच ते सात सोडून कर."

साखरपुडा आठला झाला.